न घडलेल्या यंत्राची भाष्यकार : एडा लव्हलेस

इंग्रजीच्या तासाला लॉर्ड बायरनचे नाव आपण सर्वांनीच ऐकले आहे. वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्स यांच्या मालिकेत त्याला मानाचे स्थान आहे आणि त्याच्या वादळी आयुष्याचे किस्से प्राध्यापकही रंगवून सांगतात. त्याची मुलगी मात्र कलाशाखेच्या पुस्तकांत सहसा भेटत नाही. ती भेटते संगणकशास्त्राच्या पहिल्या धड्यात, आणि तीही एका ओळीपुरती. जगातील पहिली प्रोग्रामर एवढे सांगून धडा पुढे सरकतो. कवीची मुलगी यंत्राच्या गणिताकडे कशी वळली, आणि जे यंत्र कधी तयारच झाले नाही त्याच्यासाठी तिने नेमके काय लिहिले, हे त्या एका ओळीत मावत नाही. शास्त्रशाखेच्या मित्रमैत्रिणींनी हा विषय आपला म्हणून खुशाल हक्क सांगावा. पण मला वाटते, एडावर भाषा आणि साहित्य शिकणाऱ्यांचा हक्क थोडा अधिकच आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

ऑगस्टा एडा बायरन हिचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील त्या वेळी इंग्लंडमधील सर्वांत गाजलेले आणि तितकेच बदनाम कवी. आई अॅनाबेला मिलबँक ही शिस्तीची, धार्मिक वृत्तीची आणि गणिताची आवड असलेली स्त्री. तिच्या भूमितिप्रेमाची बायरन थट्टा करीत असे. हा संसार जेमतेम वर्षभर टिकला. मुलगी पाच आठवड्यांची असताना, १६ जानेवारी १८१६ च्या पहाटे, आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. एप्रिलमध्ये बायरनने देश सोडला तो पुन्हा परतला नाही. त्या काळच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे अपत्यावर हक्क बापाचा असे. बायरनने तो मागितला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'चाइल्ड हॅरल्ड'च्या तिसऱ्या सर्गाचा आरंभ मात्र त्याने या मुलीच्या आठवणीने केला आहे. १८२४ मध्ये ग्रीसमधील मिसोलोंगी येथे तो वारला तेव्हा ती आठ वर्षांची होती. बापाचे तोंड तिने जाणतेपणी कधी पाहिले नाही आणि त्याचे तैलचित्रसुद्धा तिच्या दृष्टीस पडू नये, अशी घरात व्यवस्था होती.

बापाचा लहरी स्वभाव मुलीत उतरेल, या धास्तीने आईने तिला लहानपणापासून गणिताच्या अभ्यासाला जुंपले. शिकवायला घरीच शिक्षक येत. पण स्वभाव काही पूर्णपणे झाकला गेला नाही. बारा वर्षांची असताना एडाने उडण्याचा ध्यास घेतला. पक्ष्यांच्या पंखांचे प्रमाण अभ्यासून माणसाच्या अंगाला किती मोठे पंख लागतील याचा ती हिशेब करू लागली आणि वाफेवर चालणाऱ्या उडत्या घोड्याचीही कल्पना तिने मांडली. पुढे १८२९ मध्ये गोवर निघाला, त्यातून पायांची शक्ती गेली, आणि बराच काळ अंथरुणात काढून मग कुबड्यांच्या आधाराने ती चालू लागली. प्रकृतीची तक्रार तिच्या पाचवीला पुजलेलीच राहिली.

त्या काळी इंग्लंडातील एकाही विद्यापीठाचे दार स्त्रियांना उघडे नव्हते. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्याचे ठरविले ते १८७८ मध्ये, आणि केंब्रिजने तर १९४८ मध्ये. त्यामुळे एडाचे सारे शिक्षण ओळखीपाळखीने आणि पत्रांतून झाले. ती उमराव घरातली होती म्हणूनच हे शक्य झाले, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. गिरणीत राबणाऱ्या मुलीला अशी पत्रे कोणी लिहिली नसती. तिला दोन मोठे मार्गदर्शक लाभले. एक मेरी सॉमरव्हिल, ज्यांनी लाप्लास या फ्रेंच पंडिताचे खगोलगणित इंग्रजीत आणले. दुसरे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले ऑगस्टस डी मॉर्गन. हे डी मॉर्गन जन्मले आपल्याकडे, मदुराईला, १८०६ मध्ये. आणि दिल्लीच्या रामचंद्र या गणितज्ञाचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला तो यांच्याच प्रयत्नाने. १८४० नंतर त्यांनी एडाला पत्रांद्वारे उच्च गणित शिकविले. तिच्या बुद्धीबद्दल त्यांचे मत फार चांगले होते. तरीदेखील तिच्या आईला त्यांनी कळविले, की इतक्या खोल विचाराचा ताण स्त्रीच्या शरीराला पेलणारा नाही. डी मॉर्गनसारखा तर्कशुद्ध माणूससुद्धा या ठिकाणी आपल्या काळाच्या पुढे जाऊ शकला नाही, याचे मला नवल वाटते आणि वाईटही.

५ जून १८३३ रोजी, म्हणजे सतराव्या वर्षी, एका मेजवानीत तिची गाठ चार्ल्स बॅबेज यांच्याशी पडली. बॅबेज तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे. नौकानयन, खगोल, विमा या सर्व कामांना त्या काळी आकड्यांची छापील कोष्टके लागत. ती माणसे हाताने तयार करीत आणि त्यांत चुका राहत. चुकीच्या कोष्टकावर जहाज हाकणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. हे काम यंत्राकडून करून घ्यावे, अशी बॅबेज यांची कल्पना. तिचे मर्म समजायला सोपे आहे. १, ४, ९, १६ या वर्गसंख्या घ्या. त्यांच्यातील फरक ३, ५, ७ आणि त्या फरकांतील फरक प्रत्येक वेळी २. याचा अर्थ, गुणाकार न करता नुसती बेरीज करत गेले तरी वर्गांची कोष्टके तयार होतात. आणि बेरीज तर दातेरी चाकांना करता येते. या 'डिफरन्स इंजिन'चा एक छोटा भाग १८३२ मध्ये तयार झाला होता. थोड्याच दिवसांत एडा आईबरोबर तो पाहायला गेली. पाहुण्यांना तो एक खेळ वाटे. एडाला त्यामागील तत्त्व कळले.

पूर्ण यंत्र काही झाले नाही. कारागिराशी भांडण, वाढता खर्च आणि बॅबेज यांचा स्वभाव, यांत काम थांबले. सरकारने सुमारे सतरा हजार पौंड घातल्यावर १८४२ मध्ये हात झटकले. पण बॅबेज तोवर पुढे गेले होते. १८३४ पासून त्यांनी 'अॅनालिटिकल इंजिन' नावाच्या दुसऱ्या यंत्राचे आराखडे काढायला घेतले. पहिले यंत्र एकच काम करणारे. दुसरे सांगाल ती आकडेमोड करणारे. त्याचे दोन भाग : जेथे संख्या ठेवायच्या ते कोठार, आणि जेथे त्यांच्यावर क्रिया करायच्या ती गिरणी. हे शब्द बॅबेज यांचेच, कापडधंद्यातून उचललेले. आणि यंत्राला हुकूम द्यायचे ते भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी, फ्रान्समधील जकार्डच्या मागावर असतात तशा.

येथे सोलापूरच्या वाचकांना मी काय सांगावे? माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डच्याच मागावर काम करतात, आणि आपल्या वर्गात अशी आणखीही मुले आहेत. तरी ज्यांनी माग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागाच्या वर पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा सुयांच्या रांगेसमोर येतो. जेथे भोक असेल तेथे सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांमधून आडवा धागा गेला की नक्षीची एक रेघ पुरी होते. मोर हवा की फूल हवे, हे मागाला ठाऊक नसते. माळ बदलली की नक्षी बदलते, माग तोच. नक्षी काढणारा आणि पुठ्ठ्याला भोके पाडणारा हे विणकराहून वेगळे कारागीर असतात, आणि त्यांची नावे चादरीवर येत नाहीत.

विशेष म्हणजे, मागाशी या घराण्याचा संबंध एडाच्या आधीचा आहे. नॉटिंगहॅम परगण्यात नव्या पद्धतीच्या विणकाम यंत्रांमुळे पोट सुटलेल्या कारागिरांनी यंत्रे फोडायला सुरुवात केली, तेव्हा यंत्र फोडणाऱ्याला देहदंड देणारे विधेयक सरकारने आणले. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभेतील आपल्या पहिल्याच भाषणात बायरन या उपाशी विणकरांच्या बाजूने उभा राहिला. विधेयक मंजूर झालेच. पण आपल्या कवीचे हे एक रूप वर्गात सांगितले जात नाही म्हणून मुद्दाम नोंदविते. बापाला मागामागची माणसे दिसली, मुलीला मागामागचा विचार दिसला. दोन्ही एकाच डोळ्यांना दिसते तर किती बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते. यंत्र आले की कोणाचे काम जाते, याबद्दल एडाच्या लेखनात काही नाही.

१८३५ मध्ये तिचा विवाह विल्यम किंग यांच्याशी झाला. १८३८ मध्ये त्यांना लव्हलेसची सरदारकी मिळाली आणि ती काउंटेस ऑफ लव्हलेस झाली. चार वर्षांत तीन मुले. बाळंतपणे, आजारपण आणि मोठ्या घराचा कारभार यांतून तिने गणित सोडले नाही.

१८४० मध्ये बॅबेज इटलीतील तुरीनला गेले असता त्यांच्या व्याख्यानांवरून मेनाब्रेआ या तरुण अभियंत्याने या यंत्राविषयी फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला. १८४२ मध्ये तो जिनीव्हाच्या नियतकालिकात आला. हे मेनाब्रेआ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. एडाने निबंधाचे इंग्रजी भाषांतर केले. तिला विषयाची इतकी जाण आहे तर तिने स्वतंत्र लेखच का लिहिला नाही, असे बॅबेज यांनी विचारले आणि निदान टीपा तरी जोडाव्यात असे सुचविले. १८४३ चा उन्हाळाभर ती लिहीत होती. लंडनमध्ये दोघांच्या घरांमधून चिठ्ठ्या जात-येत होत्या. तिने पेन्सिलीने मांडलेले कोष्टक तिचे पती शाईने गिरवून देत होते. टीपा सात झाल्या, ए पासून जी पर्यंत, आणि मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या. छापताना लेखिकेचे नाव आले नाही. आली फक्त ए. ए. एल. ही अक्षरे. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

आता माझ्या हक्काच्या गोष्टीकडे येते. मूळ लहान आणि टीका मोठी, हे इंग्रजी वाचकाला विचित्र वाटेल, मराठी वाचकाला वाटू नये. सातशे श्लोकांच्या गीतेवर नऊ हजारांहून अधिक ओव्यांची ज्ञानेश्वरी ज्या भाषेत आहे, तिला भाष्य म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. येथे तुलना योग्यतेची करीत नाही, केवळ प्रकाराची करते. भाष्यकार मूळ ग्रंथातील शब्द घेतो आणि मूळ वाचकाला न दिसलेला अर्थ त्यातून उघडून दाखवितो. एडाने हेच केले. बॅबेज यांना स्वतःच्या यंत्रात आकडेमोडीचे सामर्थ्य दिसत होते. एडाने पहिल्या टीपेत म्हटले ते असे, की ज्या ज्या वस्तूंचे परस्परसंबंध चिन्हांत आणि नियमांत मांडता येतात, त्या सर्वांवर हे यंत्र काम करू शकेल. स्वरांचे संबंध तसे मांडता आले तर ते संगीतरचनाही करील. मागावर फुले-पाने विणतात तसे या यंत्रावर बीजगणिताचे आकृतिबंध विणले जातील, अशी उपमाही तिने दिली. उपमा कवीच्या मुलीला शोभणारी आहे. पण खरी ताकद तिच्या आधीच्या विचारात आहे. संख्या ही संख्याच राहिली पाहिजे असे नाही, ती दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह होऊ शकते. आज आपल्या मोबाइलमध्ये गाणे, छायाचित्र आणि हा मराठी मजकूर सारे आकड्यांच्या रूपानेच साठविलेले असते. १८४३ मध्ये वीज घराघरांत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

शेवटच्या, 'जी' टीपेत तिने बर्नुली संख्या काढण्याची रीत यंत्राच्या भाषेत मांडली. यांतील प्रत्येक संख्या आधीच्या संख्यांच्या आधाराने काढावी लागते, म्हणून यंत्राची परीक्षा पाहायला हे उदाहरण उत्तम. कोष्टकात पंचवीस क्रिया ओळीने मांडल्या आहेत : क्रमांक अमुक, क्रिया भागाकार, कोठारातील या घरातली संख्या घ्या, फळ त्या घरात ठेवा. तेरा ते तेवीस या क्रिया पुन्हा पुन्हा करायच्या. फिरून त्याच पुठ्ठ्यांवर यायचे. अशा आवर्तनाशिवाय आजचा एकही प्रोग्राम चालत नाही. गंमत अशी, की छापील कोष्टकातील चौथ्या क्रियेत भाज्य आणि भाजक यांची उलटापालट झाली आहे. ती छपाईत झाली की हस्तलिखितात, काही असो. प्रोग्रामच्या सोबत त्यातील दोषही जन्माला आला, असे संगणकवाले कौतुकाने सांगतात.

याच टीपेत तिने एक सावधगिरीचा मुद्दा मांडला, आणि मला वाटते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करील असा त्याचा दावा नाही. जे करायला कसे सांगावे हे आपल्याला ठाऊक आहे तेवढेच ते करील. नव्या शोधाबद्दल लोक प्रथम अवाजवी अपेक्षा ठेवतात आणि मग निराश होऊन त्याची खरी योग्यताही नाकारतात, हेही तिने जोडून लिहिले. १९५० मध्ये अॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने यंत्राला विचार करता येईल काय, हा प्रश्न चर्चेला घेतला तेव्हा एडाचा हा आक्षेप त्याने नाव घेऊन पूर्वपक्षात मांडला. यंत्रे आपल्याला वारंवार चकित करतात, कारण आपण दिलेल्या हुकमाचे सारे परिणाम आपल्याच ध्यानात आलेले नसतात, असे त्याचे उत्तर होते. आज प्रश्न टाइप केला की निबंध लिहून देणारी यंत्रे आपल्या खिशात आली आहेत, आणि आपल्या ट्युटोरिअलच्या वह्यांतून त्यांचा हात प्राध्यापकांना ओळखू येतो. वाद मिटलेला नाही. मी एडाच्या बाजूची आहे, पण ट्युरिंगचे उत्तरही मला खोडून काढता येत नाही.

तर ती पहिली प्रोग्रामर होती काय? यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. बॅबेज यांच्या कागदांत १८३७ ते १८४० या काळातील अशाच क्रियाक्रमांचे आराखडे सापडतात, ते अप्रकाशित होते इतकेच. शिवाय १८६४ च्या आत्मचरित्रात बॅबेज यांनी लिहिले, की बर्नुली संख्यांचे बीजगणित आपणच करून पाठविले होते, आणि त्यातील एक मोठी चूक एडाने शोधून परत पाठविली. यावरून काही जण तिचे सारे श्रेय काढून घेतात. दुसरीकडे काही जण तिला अशी देवता करतात, की जणू तिने एकटीनेच संगणकयुग आणले. मला दोन्ही पटत नाहीत. प्रोग्राम लिहिणे हे ज्याने यंत्र योजले त्यानेही केले असणारच. माग बनविणारा एखादी नक्षी विणून पाहतोच. पण यंत्र घडविण्याहून निराळे, त्याला काय सांगायचे याचा विचार करण्याचे एक स्वतंत्र काम असते, हे छापून जगासमोर मांडले ते तिच्या टीपांनी. भाष्यकाराला मूळ ग्रंथाचा कर्ता ठरवायची गरज नसते.

टीपा छापून होता होता दोघांत खटका उडाला. बॅबेज यांना सरकारवर ताशेरे ओढणारे निनावी निवेदन त्यासोबत घालायचे होते. एडाने ठाम नकार दिला. मग तिने एक लांबलचक पत्र लिहून सुचविले, की यंत्राचा व्यवहार आणि लोकांशी बोलणी तिच्याकडे सोपवावी, बॅबेज यांनी फक्त बांधणी पाहावी. बॅबेज यांनी ते मानले नाही. मैत्री टिकली, यंत्र राहिले. ते मान्य केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. बॅबेज यांना माणसे सांभाळता येत नव्हती, एवढे तर त्यांच्या सर्व चरित्रांवरून दिसते.

त्यानंतर तिच्या हातून असे दुसरे लेखन झाले नाही. शेवटची वर्षे दुःखाची. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचे व्यसन जडले, हजारो पौंडांचे कर्ज झाले, घराण्याचे हिरे गहाण पडले आणि ते आईने सोडवून आणले. याच सुमारास गर्भाशयाचा कर्करोग उघड झाला. ऑगस्ट १८५२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिला भेटायला आले आणि तिच्या इच्छेवरून त्यांनी आपल्या 'डॉम्बी अँड सन'मधील लहानग्या पॉलच्या मृत्यूचा भाग वाचून दाखविला. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती गेली. वय छत्तीस, बाप गेला त्याच वयाला. जन्मभर ज्याच्यापासून तिला दूर ठेवले त्याच्या शेजारी आपल्याला पुरावे, ही तिची इच्छा होती. त्याप्रमाणे नॉटिंगहॅमजवळच्या हकनॉल गावातील चर्चमध्ये बायरनच्या शेजारी तिचे दफन झाले. बायरनने ज्यांची बाजू घेतली त्या विणकरांचाच हा मुलूख.

शंभर वर्षे त्या टीपा फारशा कोणी उघडल्या नाहीत. १९५३ मध्ये संगणकांवरील एका इंग्रजी ग्रंथात त्या पुन्हा छापल्या गेल्या आणि नव्या प्रोग्रामरांना आपली पूर्वज सापडली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या संगणकभाषेला 'एडा' हे नाव दिले. तिच्या प्रमाणपुस्तिकेला मान्यता मिळाली ती १० डिसेंबर १९८० रोजी, एडाच्या जन्मदिवशी, आणि पुस्तिकेचा क्रमांक ठेवला १८१५. १९९१ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने बॅबेज यांच्या आराखड्यांवरून दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा गणन करणारा भाग बांधला, आणि तो अचूक चालला. अॅनालिटिकल इंजिन संपूर्णपणे अजून कोणीही बांधलेले नाही.